वजन जास्त आहे, पण कशासाठी जास्त?

7 ऑगस्ट 2024 च्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगाटचे वजन 50 किलो 100 ग्रॅम भरले. आदल्या दिवशी तिने तीन कुस्त्या जिंकून ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली होती आणि त्या दिवशीच्या वजनात ती 50 किलोंच्या आत होती. परंतु नियमानुसार अंतिम कुस्तीच्या सकाळी पुन्हा वजन करावे लागते, आणि त्या वेळी एखाद्या टोमॅटोइतक्या वजनाने ती स्पर्धेतून बाद झाली. क्रीडा लवादानेही 14 ऑगस्टला तिचे अपील फेटाळले. पुढे मार्च 2025 मध्ये, चॅम्पियन्स करंडक स्पर्धा रंगात आलेली असताना, एका राष्ट्रीय पक्षाच्या प्रवक्त्यांनी समाजमाध्यमावर रोहित शर्माला खेळाडूच्या मानाने जाड ठरवले. त्यावर गदारोळ झाला, मजकूर काढून टाकण्यात आला, आणि 9 मार्चच्या अंतिम सामन्यात 76 धावा काढून रोहित सामनावीर ठरला.

दोन्ही ठिकाणी निवाडा एकच होता: वजन जास्त आहे. तरीही विनेशच्या वेळी ‘हे तुमचे मत झाले’ असे कोणी म्हटले नाही, सगळा वाद नियम न्याय्य आहे की नाही याभोवती फिरला. रोहितच्या वेळी मात्र ‘हे तुमचे मत झाले’ हेच पहिले उत्तर होते. मग वजनाविषयीचा निवाडा ही मोजून ठरवण्याची गोष्ट आहे, की पाहणाऱ्याच्या नजरेची?

एक आंबा आणि एक चप्पल

आधी दोन शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ. पाहणारा बदलला तरी जे बदलत नाही ते वस्तुनिष्ठ, आणि ज्याचे खरेखोटेपण पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीवर किंवा भावनेवर अवलंबून असते ते व्यक्तिनिष्ठ. ‘हा आंबा 280 ग्रॅमचा आहे’ हे विधान पहिल्या जातीचे. ‘हापूसपेक्षा पायरी चवीला सरस’ हे दुसऱ्या जातीचे (रत्नागिरीकरांनी क्षमा करावी).

पण एवढ्या दोनच कप्प्यांवर भागत नाही. समजा, दुकानात कोणी विचारले की नऊ नंबरची चप्पल मोठी आहे का. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण पाय कोणाचा हे सांगितलेले नाही. सात नंबरच्या पायाला ती मोठी आणि दहा नंबरच्या पायाला लहान होईल. म्हणजे उत्तर कशाच्या तरी संदर्भाने बदलते, ते सापेक्ष आहे. मात्र एकदा पाय ठरला की उत्तर कोणाच्या मर्जीवर राहत नाही. सात नंबरच्या पायाला नऊ नंबरची चप्पल मोठी होणार, मग विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी. सापेक्ष असणे आणि व्यक्तिनिष्ठ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वजनाच्या चर्चेतला बराचसा गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतो.

‘जास्त’ हा शब्द चपलेसारखाच आहे. मराठीत तो उच्चारला की मागोमाग ‘कशापेक्षा’ आणि ‘कशासाठी’ हे प्रश्न येतात. विनेशचे वजन 50 किलोंच्या गटासाठी जास्त होते. त्याच सकाळी तेच शरीर 53 किलोंच्या गटात, जिथे ती पूर्वी खेळत असे, जवळजवळ तीन किलोंनी कमी भरले असते. रोहितविषयीच्या शेऱ्यात ‘खेळाडूच्या मानाने’ एवढा संदर्भ होता, पण कोणता खेळ, त्यातले कोणते काम आणि त्यासाठी किती वजन चालते, हे कुठेच नव्हते.

काट्याला काय कळते

वजनकाट्यावरचा आकडा वस्तुनिष्ठ असतो, याविषयी फारसा वाद नाही. गंमत अशी की किलो म्हणजे नेमके किती, हेही माणसांनीच ठरवलेले आहे. 1889 पासून पॅरिसजवळ जपून ठेवलेला एक धातूचा ठोकळा म्हणजे एक किलो अशी व्याख्या होती. 20 मे 2019 पासून ती व्याख्या बदलून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, बांधली गेली. एकक माणसांनी ठरवले म्हणून भाजीवाल्याला ‘तुझा किलो वेगळा, माझा वेगळा’ असे म्हणता येत नाही. माणसांनी ठरवलेली गोष्ट आणि मनाला येईल ती गोष्ट यांतला हा फरक पुढे पुन्हा लागणार आहे.

काट्याला न कळणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. एकाच माणसाचे वजन पाण्यामुळे, जेवणामुळे आणि घामामुळे दिवसभरात एखाद-दोन किलोंनी सहज वर-खाली होते. शिवाय काट्यावर उभ्या राहिलेल्या 70 किलोंत हाडे किती, स्नायू किती, पाणी किती आणि चरबी किती, याचा काट्याला पत्ता नसतो. तालमीतला पैलवान आणि दिवसभर खुर्चीत बसणारा त्याचा समवयस्क भाऊ, दोघांची उंची आणि वजन अगदी सारखे भरू शकते.

गुटगुटीत, दणकट, थुलथुलीत

भाषा हे काम काट्यापेक्षा फार निराळ्या रीतीने करते. मराठीत एकाच जातीच्या अंगासाठी किती शब्द आहेत पाहा. बारीक माणूस सडपातळ, शेलाटा, काटक, किडकिडीत, लुकडा किंवा हडकुळा असू शकतो. जाड माणूस भरल्या अंगाचा, धिप्पाड, दणकट, गुबगुबीत, लठ्ठ किंवा थुलथुलीत असू शकतो. यांतला प्रत्येक शब्द अंगाचे वर्णन करतो आणि त्याच दमात त्या अंगावर पसंती-नापसंतीचा शिक्काही मारतो. कणकेत कालवलेले मीठ जसे नंतर वेगळे काढता येत नाही, तसा या शब्दांतून निवाडा बाजूला काढता येत नाही. ‘सडपातळ’ हा शब्द लग्नाच्या जाहिरातीत छापला जातो. ‘लुकडी’ कोणी छापत नाही, काट्यावरचा आकडा तोच असला तरी.

हा शिक्का काळाप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलतो. ‘सुदृढ बालक’ स्पर्धेत बक्षीस मिळवणारे गुटगुटीत बाळ चाळीस वर्षांनी तसेच राहिले तर त्याला कोणी गुटगुटीत म्हणणार नाही. 1972 चा दुष्काळ जवळून पाहिलेल्या माणसांच्या तोंडी ‘आता जरा अंग धरलंस’ हे निखळ कौतुक असते, आणि ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ यात पोटाचा घेर पुण्याईसारखा मोजलेला असतो. त्यांच्या नातवंडांना हेच वाक्य अपमान वाटते. मागे एका लग्नात मला आत्याने दारातच ‘किती वाळलास रे!’ म्हणून जवळ घेतले, आणि तासाभराने पंगतीत मावशीने ‘पोट सुटलंय तुझं, गोड बेतानं घे’ असे सुनावले. तेव्हा मी दोघींचे बोलणे हसण्यावारी नेले. माझे ते हसणे अस्थानी होते, त्याचे कारण पुढे येईल.

एका खगोलशास्त्रज्ञाचे सूत्र

शब्दांच्या या खेळातून सुटण्यासाठी वैद्यकाने आकडा शोधला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला शरीर वस्तुमान निर्देशांक किंवा रोजच्या बोलण्यात बीएमआय म्हणतात. उंची 1.60 मीटर आणि वजन 62 किलो असेल, तर 62 भागिले 2.56, म्हणजे सुमारे 24.2.

हे सूत्र वैद्यांनी शोधलेले नाही. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याने 1830 च्या दशकात माणसांच्या मोठ्या समूहांची मापे तपासताना वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे नोंदवले. त्याला कोणाचा लठ्ठपणा ओळखायचा नव्हता, ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे पाहायचे होते. त्यानंतर दीर्घकाळ हे सूत्र जवळजवळ अडगळीत होते. दरम्यान अमेरिकेत विमा कंपन्यांच्या वजनतक्त्यांचे राज्य होते. 1940 च्या दशकातील अशा एका प्रसिद्ध तक्त्यात लहान, मध्यम आणि मोठ्या चणीच्या माणसांसाठी ‘आदर्श’ वजने दिलेली होती, पण चण कशी मोजायची हे सांगितलेले नव्हते. म्हणजे आकडे काटेकोर आणि त्यांचा पाया अंदाजाचा. 1972 मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून केतलेच्या सूत्राला बीएमआय हे नाव दिले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बीएमआय हा आकडा म्हणून पूर्ण वस्तुनिष्ठ आहे, कोणीही भागाकार केला तरी उत्तर तेच येईल. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: रेषा कुठे मारायची?

25 की 23?

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 18.5 ते 24.9 हा बीएमआय सामान्य, 25 पासून वजन जादा आणि 30 पासून लठ्ठपणा. अमेरिकेत 1998 पर्यंत जादा वजनाची रेषा पुरुषांसाठी 27.8 आणि स्त्रियांसाठी 27.3 होती, त्या वर्षी ती 25 वर आणली गेली आणि कोट्यवधी अमेरिकन माणसे एक घासही जास्त न खाता जादा वजनाची झाली.

भारतात 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहमती निवेदनात ही रेषा आणखी खाली आली. आपल्याकडे 23 पासून वजन जादा आणि 25 पासून लठ्ठपणा धरला जातो. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी जादा वजनाची रेषा 23 आणि लठ्ठपणाची 27.5 आहे. त्यामुळे 1.60 मीटर उंचीची आणि 66 किलो वजनाची, म्हणजे 25.8 बीएमआय असलेली एक मराठी बाई पुण्यात लठ्ठ ठरते आणि लंडनमध्ये राहणाऱ्या मुलीकडे गेली की तिचे वजन फक्त ‘जादा’ उरते. विमानात तिचे वजन घटलेले नसते. मग बदलले काय?

‘म्हणजे डॉक्टरही मनाला येईल तेच सांगतात’ असा निष्कर्ष इथे अनेक जण काढतात. तो घाईचा आहे, आणि का ते समजण्यासाठी पुण्यातल्याच एका डॉक्टरांच्या छायाचित्राकडे वळावे लागेल.

दोन डॉक्टरांचे छायाचित्र

2004 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र छापून आले. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3, दशांश चिन्हानंतरही फरक नाही. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघाले. दुपटीहून अधिक!

याचा उगम किती मागे जातो हे याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत दाखवून दिले होते. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. खेड्यातली बाळे सर्व मापांत लहान होती, त्यांच्यात स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशी ही बाळे पुढे मोठी होतात तेव्हा युरोपीय माणसापेक्षा कमी बीएमआयवरच त्यांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका सुरू होतो.

आता 23 च्या रेषेचा अर्थ लागतो. पाय बदलला म्हणून चपलेचा नंबर बदलला. ‘मधुमेहाचा धोका वाढू लागण्याच्या दृष्टीने जास्त’ असा संदर्भ पक्का केला, तर भारतीय शरीरासाठी रेषा खाली असणे ही कोणाची आवड-नावड उरत नाही, तो पुराव्याचा प्रश्न होतो. भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या आकड्यांत उरलेला फरक मुख्यतः किती धोका पत्करायचा आणि कोणत्या टप्प्यावर उपचार सुरू करायचे या निर्णयाचा आहे, आणि हा निर्णय काटा घेऊ शकत नाही.

माप बदलले तर चित्र किती पालटते, याचा पुरावा घरच्याच आकडेवारीत आहे. 2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील सुमारे 24 टक्के स्त्रियांचा बीएमआय 25 किंवा त्याहून अधिक आढळला. त्याच पाहणीत कंबर आणि नितंबांच्या घेराचे गुणोत्तर काढले तेव्हा सुमारे 57 टक्के स्त्रिया धोक्याच्या गटात गेल्या. पुरुषांत हेच आकडे साधारण 23 आणि 48 टक्के असे आहेत. दोन्ही मापे वस्तुनिष्ठ. कोणते माप मोलाचे मानायचे, ही निवड मात्र माणसाची.

माझ्या आत्याचे आणि मावशीचे बोलणे आठवा. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा, हीच ती पुणेरी अंगकाठी. आत्याने दंड पाहिले होते, मावशीने कंबर. दोघींचे बरोबर होते, आणि ज्या काट्यावर विसंबून मी हसलो होतो त्याला यातले काहीच दिसले नव्हते.

‘रेषा माणसांनीच मारली, मग ती खरी कशी?’

हा आक्षेप सर्वांत वरचेवर ऐकू येतो. दहावीच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी शंभरांपैकी 35 गुण लागतात. 34 गुण मिळालेल्या मुलाला गणित येत नाही आणि 35 वाल्याला येते, असे कोणताही शिक्षक मानत नाही. 35 ऐवजी 33 ची किंवा 40 ची रेषाही चालली असती. तरीही 12 आणि 90 गुणांतला फरक बोर्डाने कल्पनेतून काढलेला नाही. रेषेची नेमकी जागा संकेताने ठरते, पण ज्या जमिनीवर ती मारली जाते ती जमीन खरी असते. बीएमआय 24.9 वरून 25.0 झाल्याने शरीरात काहीही घडत नाही. 22 चा 38 झाला तर पुष्कळ काही घडते, आणि ते गुडघ्यांना, यकृताला आणि रक्तातल्या साखरेला कळते.

‘तज्ज्ञांत एकमत नाही, म्हणजे सगळी मतेच’ हा त्याचा धाकटा भाऊ. 2013 मध्ये अमेरिकी संशोधक कॅथरीन फ्लेगल यांच्या गटाने जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी करून 25 ते 30 बीएमआय असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सामान्य गटापेक्षा सुमारे 6 टक्के कमी असल्याचे मांडले, तेव्हा खळबळ उडाली. 2016 मध्ये दुसऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने कधीही धूम्रपान न केलेल्या आणि आधीपासून मोठा आजार नसलेल्या लोकांपुरते पाहिले, तेव्हा 25 च्या वर धोका वाढत जाताना दिसला. कारण सिगारेटने आणि आजारानेही माणूस बारीक होतो, आणि तसे बारीक झालेले लोक ‘सामान्य वजना’च्या गटात बसून त्या गटाचे आकडे बिघडवतात. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण तो कसा चालला आहे ते पाहावे: कोणाला वगळायचे, कोणाला धरायचे, का धरायचे, याची कारणे दोन्ही बाजू देतात. हापूस-पायरीचा वाद असा चालत नाही.

आवड नियमाच्या वेषात येते तेव्हा

या सगळ्यातून आकडा दिसला की मान डोलवावी असे मात्र सिद्ध होत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2014 मध्ये विमानातील सेवक कर्मचाऱ्यांसाठी बीएमआयची बंधने घातली, त्यांत पुरुषांसाठी 18 ते 25 आणि स्त्रियांसाठी 18 ते 22 हे सामान्य मानले होते. म्हणजे 24.2 बीएमआय असलेला पुरुष कामाला योग्य आणि तोच आकडा असलेली स्त्री जादा वजनाची. मधुमेहाच्या दृष्टीने मारलेली 23 ची रेषा स्त्री-पुरुषांना एकच आहे. स्त्रियांच्या शरीरात त्याच बीएमआयला चरबीचे प्रमाण निसर्गतःच जास्त असते, आणि आणीबाणीत विमानाचा दरवाजा उघडण्यासाठी ताकद लागते म्हणावे, तर ती 22 च्या खाली वाढते असे नाही. ‘कशासाठी जास्त’ हा प्रश्न या नियमाला विचारला की मला एकच प्रामाणिक उत्तर सुचते: दिसण्यासाठी. तसे उघड म्हटले असते तर निदान वाद सरळ झाला असता. आवडीला आकड्याचा कोट चढवला की ती वैद्यकासारखी दिसू लागते.

‘डोळ्यांना दिसते ते खोटे का?’

डोळे सगळेच खोटे सांगत नाहीत, हे मावशीच्या उदाहरणावरून दिसले. पण डोळ्यांना सवय फार लवकर लागते. सलग खूप बारीक शरीरांची छायाचित्रे दाखवली की त्यानंतर मध्यम अंगाचे शरीर जाड वाटू लागते, आणि उलट केले की उलट होते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. भर उन्हातून आल्यावर घर अंधारे वाटावे, तसेच हे. वर्गातली बहुतेक मुले जाडसर असतील तर आपले मूल आईवडिलांना ‘बरोबर’ वाटते. जादा वजनाच्या मुलांचे पुष्कळसे पालक मुलाचे वजन सामान्यच समजतात.

स्वतःकडे पाहणारी नजरही यातून सुटत नाही. ‘मला मी जाड वाटते’ हे विधान वाटण्यापुरते नेहमीच खरे असते, ते वाटणे दुसऱ्या कोणी खोडून काढू शकत नाही. परंतु अ‍ॅनोरेक्सिया या आजारात हाडे दिसू लागलेल्या मुलीलाही आरशात आपण जाड दिसतो, आणि तिचे वाटणे कितीही खरे असले तरी तिचा निवाडा चूक असतो. तो चूक आहे असे म्हणता येते म्हणूनच तिच्यावर उपचार करता येतात. वजनाविषयीचे सगळे निवाडे निव्वळ व्यक्तिनिष्ठ असते, तर या मुलीला आपण ‘तुझे मत वेगळे आहे, एवढेच’ असे सांगून घरी पाठवले असते.

जानेवारी 2025 ची नवी व्याख्या

जानेवारी 2025 मध्ये 56 तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने लठ्ठपणाच्या निदानाची नवी पद्धत मांडली. तिच्यानुसार केवळ बीएमआयवरून कोणाला आजारी ठरवू नये. कंबरेच्या घेरासारख्या दुसऱ्या मापाने किंवा चरबी थेट मोजून आधी खात्री करावी, आणि मग ती चरबी शरीराचे काही बिघडवते आहे का हे पाहावे. बिघाड असेल तर तो आजार, नसेल तर आजाराआधीची अवस्था, जिच्यावर लक्ष ठेवायचे. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही आपल्याकडच्या व्याख्येत जवळपास याच धर्तीची दोन टप्प्यांची रचना सुचवली.

प्रौढांसाठी बिघाडाच्या ज्या 18 कसोट्या त्या आयोगाने दिल्या, त्यांतल्या बहुतेक तपासणीतून कळणाऱ्या आहेत: रक्तदाब, साखर आणि चरबीचे बिघाड, यकृत, मूत्रपिंड, झोपेत अडणारा श्वास. पण गुडघ्याचे किंवा खुब्याचे दुखणे आणि आखडणेही त्या यादीत आहे, आणि वयाच्या मानाने रोजच्या हालचालींना येणारी अडचणही: चालताना, आंघोळ करताना, कपडे घालताना. त्यासाठी डॉक्टरांना काटा बाजूला ठेवून समोरच्या माणसाला विचारावे लागते की जिना चढून आलात तेव्हा कसे वाटले, आणि त्याने दिलेले उत्तर केसपेपरवर साखरेच्या आकड्याशेजारीच लिहून घ्यावे लागते.